अदलाबदल क.

विमान जमिनीवर उभं आहे, याबद्दल सोमवारी सकाळी हँगरमध्ये कोणाचंच दुमत नव्हतं. अपवाद फक्त विमानाचा. त्याच्या मते ते अजून वीस फूट हवेत होतं.

कॅप्टनने तक्रारवहीत सविस्तर लिहिलं होतं, "विमान थांबलं. इंजिनं बंद केली. दारं उघडली. प्रवासी सामानासकट उतरले. तरी डावीकडचा रेडिओ अल्टिमीटर वीस फूट दाखवतो. खात्रीसाठी मी स्वतः खाली उतरून पाहिलं. जमीन होती."

रेडिओ अल्टिमीटरचं काम तसं साधं असतं. विमानाच्या पोटाखालच्या अँटेनातून तो जमिनीकडे लहरी सोडतो, लहरी आपटून परत येतात, आणि त्या किती वेळात आल्या यावरून जमीन किती खाली आहे ते वैमानिकाला कळतं. धुक्यात उतरताना खिडकीतून नुसतं धुकंच दिसतं, तेव्हा सगळा भरवसा या आकड्यावर. म्हणून विमानात हे यंत्र एक नसतं, दोन असतात. एक डावं, एक उजवं. प्रत्येकाचा बुटाच्या खोक्याएवढा काळा डबा. हँगरमध्ये त्यांना 'डावा डबा' आणि 'उजवा डबा' म्हणत. दोन्ही अगदी जुळ्या भावांसारखे. कोण कोणता हे पाहायचं तर डबा बाहेर काढून, चष्मा लावून, मागची बारीक पट्टी वाचावी लागे. एवढा वेळ कोणाला असतो?

यंत्र बिघडलं की काय करायचं, तेही पुस्तकात दिलेलं आहे. डावा डबा उजवीकडे घालायचा, उजवा डावीकडे. मग वीज लावून पाहायचं. दोष डब्याबरोबर उजवीकडे गेला, तर डबा वाईट. दोष डावीकडेच राहिला, तर डबा निर्दोष, आणि अँटेना किंवा केबल वाईट. दोन माणसांनी मिळून केलं तर वीस मिनिटांचं काम.

अडचण 'मिळून' या शब्दात होती.

सकाळच्या पाळीचे मुख्य तंत्रज्ञ आणि दुपारच्या पाळीचे मुख्य तंत्रज्ञ हे एकमेकांचे साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. हँगरमध्ये सगळे त्यांना 'सकाळचे साडू' आणि 'दुपारचे साडू' म्हणत, आणि गेले आठ महिने ते एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांत पैशाचा वाद नव्हता, जागेचा नव्हता. वाद व्याकरणाचा होता.

सकाळचे साडू वयाने चार वर्षांनी मोठे. पण त्यांची बायको धाकटी बहीण. दुपारचे साडू वयाने लहान. पण बायको थोरली, म्हणजे नात्याने थोरले साडू तेच. त्यातून नोकरीलाही ते दोन वर्षं आधी लागलेले. आता 'तू' कोणी कोणाला म्हणायचं आणि 'तुम्ही' कोणी कोणाला? सतरा वर्षं दोघांनी हा प्रश्न मोठ्या कसबाने टाळला होता. "चहा झाला का?", "निघायचं ना?", "तो पाना इकडे येईल का?" अशी वाक्यं ते बोलत. पाना येई. सगळं ठीक चाललं होतं.

मग आठ महिन्यांपूर्वी सकाळच्या साडूंनी नवं घर घेतलं आणि चार माणसं चहाला बोलावली. दारात ते पाहुण्यांचं स्वागत करत होते. गर्दीत, बेसावध क्षणी, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ये, बस."

दुपारचे साडू आले, पण बसले नाहीत.

"कोणाला म्हटलं हे?"

"तुला... म्हणजे, हे आपलं, बसायला म्हटलं."

"कळलं," दुपारचे साडू म्हणाले, आणि चहा उभ्यानेच पिऊन निघून गेले.

तेव्हापासून दोघांमधलं सगळं दळणवळण पाळीच्या वहीतून चाले. (इथे दोघांनाही अहो-जाहो केलं आहे, ते सावधगिरी म्हणून.) पण वहीतही प्रश्न तोच. 'अमुक कर' असं लिहावं तर भांडणाला लेखी पुरावा. 'करा' लिहावं तर लेखी शरणागती. 'मी केलं' म्हणावं तर त्या माणसाला जाब दिल्यासारखं होतं. तेव्हा दोघांनी, आपसात एक अक्षर न बोलता, एकच तोडगा काढला होता. क्रियापदाचं शेपूट छाटून टाकायचं.

एरवी या विमानाने आठवडाभर विश्रांती घेतली असती तरी कोणाचं फारसं अडलं नसतं. पण शुक्रवारी ते दोघांच्या सासऱ्यांना आणायला जाणार होतं.

सासरे निवृत्त तारमास्तर. आयुष्यभर तारा पाठवल्यामुळे बोलायचे मोजकंच. डोंगरापलीकडच्या गावी एकटे राहायचे. दोन्ही गुडघे कामातून गेले होते. शनिवारी सकाळी नऊला इथल्या रुग्णालयात त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं, आणि ही तारीख मिळायला पाच महिने लागले होते. हुकली, तर पुढची पाच महिन्यांनी. रस्त्याने सोळा तास. तेवढे तास गुडघे दुमडून बसायचं तर ऑपरेशनला पोचेपर्यंत ऑपरेशन करण्याजोगं काही उरलं नसतं. तिकडे विमान जायचं ते आठवड्यातून एकदा, आणि त्या खोऱ्यात दुपारपर्यंत धुकं असल्यामुळे नियम असा, की दोन्ही रेडिओ अल्टिमीटर ठणठणीत असल्याशिवाय तिकडे जायचंच नाही.

त्यांना विमानात बसायला राजी करण्यातच दोन्ही मुलींचं दीड वर्ष गेलं होतं.

"दोन्ही जावई विमानं दुरुस्त करतात," थोरली समजावायची. "मग भीती कसली?"

"म्हणूनच," सासरे म्हणायचे. "आमचा नळ दुरुस्त केला होता दोघांनी. नंतर भिंत बांधावी लागली."

तर सोमवारी सकाळच्या साडूंनी डब्यांची अदलाबदल केली. वीज लावून पाहणार, तर विजेची गाडी दुसऱ्या विमानाला जोडलेली. ती मोकळी होईतो दोन वाजले. त्यांनी वहीत लिहिलं, "डबे अदलाबदल क. वीज लावून पाहणे." 'क.' म्हणजे 'केली'. त्यांच्या मनात याविषयी जराही शंका नव्हती.

दुपारच्या साडूंनी ते वाचलं. 'क.' म्हणजे 'करणे'. त्यांच्याही मनात शंका नव्हती.

"सकाळभर स्वतः काही करायचं नाही," ते पुटपुटले, "आणि इथे कामांच्या याद्या ठेवून जायचं." आणि त्यांनी डब्यांची अदलाबदल केली.

त्यामुळे दोन्ही डबे जिथून निघाले होते तिथेच परत आले. वीज लावली. डावीकडे वीस फूट. "अदलाबदल करूनही दोष डावीकडेच," दुपारचे साडू म्हणाले. "म्हणजे डबा चांगला, अँटेना गेला." तर्क बिनचूक होता. फक्त तो या विमानाला लागू नव्हता.

त्यांनी स्टोअरमधून नवा अँटेना आणला, विमानाच्या पोटाखाली उताणं पडून जुना काढला, नवा बसवला, पाणी आत शिरू नये म्हणून कडेने सीलंट लावलं. सीलंट सुकायला चोवीस तास. त्याआधी तपासणी नाही. काढलेला जुना अँटेना त्यांनी नव्याच्या खोक्यात नीट गुंडाळून बाकावर ठेवला, स्टोअरला परत करायला. वहीत लिहिलं, "डावा अँटेना बद. सीलंट सुकल्यावर पाहणे."

मंगळवारी सकाळच्या साडूंनी वाचलं. 'बद.' म्हणजे 'बदलणे'.

"खोकं बाकावर काढून ठेवलंय," ते हँगरच्या व्यवस्थापक मॅडमना म्हणाले. "उपकारच म्हणायचे. बदलायचं मात्र आम्ही."

मॅडम नेमक्या तेव्हा फेरी मारत होत्या. सकाळच्या साडूंनी खोकं उघडलं. नवा अँटेना मळकट होता, एका कोपऱ्यात खरचटलेला.

"हल्ली नवा मालसुद्धा असाच येतो," त्यांनी सुस्कारा सोडला. मग विमानाखाली सरकून त्यांनी आधीचा अँटेना काढला आणि तो उजेडात धरला. "हे बघा, मॅडम. दहा वर्षं विमानाच्या पोटाला चिकटलेला, ऊन-पाऊस खाल्लेला. तरी कसा आरशासारखा आहे! याला म्हणतात जुना माल."

"आणि हे काय चिकट लागलंय त्याला?"

"सीलंट."

"दहा वर्षांपूर्वीचं? ओलं?"

"त्या वेळचं सीलंट होतं, मॅडम," सकाळचे साडू गहिवरून म्हणाले.

मॅडमचं शिक्षण व्यवस्थापनाचं होतं. त्या मान डोलावून पुढे गेल्या. आरशासारखा अँटेना भंगाराच्या फळीवर गेला, मळकट अँटेना विमानाला बसला, वर ताजं सीलंट. वहीत नोंद झाली, "डावा अँटेना बद. सुकल्यावर पाहणे."

दुपारच्या साडूंनी ती वाचली आणि वही घेऊन थेट मॅडमच्या खोलीत गेले.

"माझंच वाक्य उतरवून काढलंय! सकाळपासून दोनपर्यंत काम काय केलं, तर माझं एक वाक्य उतरवलं. तेही धड नाही. 'सीलंट' गाळलं मधलं."

"तुम्ही त्यांनाच का नाही विचारत?"

"काय म्हणून विचारू?" दुपारचे साडू म्हणाले. मॅडमना वाटलं त्यांना राग आला आहे. वास्तविक ती खरीखुरी व्याकरणाची अडचण होती.

सीलंट ओलं, म्हणजे वीज लावता येत नव्हती. नुसतं बसून राहण्यापेक्षा केबल तपासावी म्हणून दुपारच्या साडूंनी दोन्ही डबे काढून बाकावर ठेवले, मागच्या केबलींचं टोक न टोक पाहिलं. सगळं ठाकठीक. डबे परत बसवायला घेतले, तोच बायकोचा फोन आला.

"बाबा विचारतायत, विमान झालं का नीट?"

"काम चालू आहे म्हणून सांग," फोन खांद्यात दाबून ते एक डबा ढकलत म्हणाले.

"तसं सांगितलं तर येणारच नाहीत ते. नळाच्या वेळी तुम्ही हेच म्हणाला होतात."

"नळाच्या वेळी पाना तुझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या हातात होता!"

"आणि नळ कोणाच्या हातात होता? हातातच राहिला होता ना, भिंतीतून निघून?"

या मुद्द्यावर बरीच चर्चा झाली. ती संपली तेव्हा दोन्ही डबे आत बसले होते, स्क्रू पिळले गेले होते. कोणता डबा कुठे गेला याकडे बघायला मन जागेवर नव्हतं.

त्यामुळे बुधवारी सकाळी सकाळच्या साडूंनी वीज लावली, तर चमत्कार झाला. डावीकडे शून्य! चक्क शून्य. ते खुर्चीतून उठले. मग त्यांची नजर उजवीकडे गेली. उजवीकडे वीस फूट.

आता विमानाची डावी बाजू जमिनीवर होती आणि उजवी हवेत. उजवीकडचं काय करावं या विचारात दोन वाजले. त्यांनी लिहिलं, "डावा दुरुस्त. उजवा बिघ."

मॅडमनी घाबरून मुख्य कार्यालयाला कळवलं, की आधी एक बिघडला होता, आता दुसराही बिघडला. मुख्य कार्यालयाचं उत्तर तासाभरात आलं. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत दोन्ही यंत्रं चालू नसतील तर शुक्रवारची फेरी रद्द. विमान मोठ्या हँगरला धाडावं.

इकडे दुपारच्या साडूंनी वही उघडली होती.

"मॅडम! हे वाचा. उजवा मी बिघडवला म्हणे!"

मॅडमनी चष्मा वर केला. "इथे नुसतं 'बिघ.' आहे."

"तेच तर! 'बिघ.' म्हणजे काय?"

"'बिघडला' असेल."

"मग लिहायचं ना 'बिघडला'! 'डला' लिहायला काय हात मोडतो? मुद्दाम तेवढं गाळलंय. म्हणजे उद्या विचारलं तर म्हणायला मोकळे."

त्यांनी लाल शाईचं पेन मागून घेतलं आणि नोंदीखाली एकच शब्द लिहिला. तो मात्र पूर्ण लिहिला. "कोणी?"

त्या दिवशी डबे, अँटेना, केबल, कशालाच कोणी हात लावला नाही.

दोन्ही बहिणी मात्र रोज संध्याकाळी फोनवर बोलत. नवरे बोलत नसल्यामुळे उलट जास्तच बोलत, कारण सांगण्यासारखं दोन्हीकडून येई. बुधवारी धाकटी म्हणाली, "ताई, फेरी रद्द झाली तर बाबांची तारीख गेली गं. हे म्हणतात, आम्ही सोमवारीच डब्यांची अदलाबदल केली होती, म्हणून तर कळलं अँटेना वाईट आहे ते."

"अदलाबदल तर आमच्यांनी केली सोमवारी."

"नाही, आमच्यांनी. सकाळी."

"आमच्यांनी दुपारी."

"ताई," धाकटी सावकाश म्हणाली, "उशी मी एकदा उलटवली आणि मग तू एकदा उलटवलीस..."

"तर उशी होती तश्शी. अगं बाई! आणि अँटेना? यांनी तर सोमवारीच नवा बसवला."

"यांनी मंगळवारी नवा बसवला. मळका होता म्हणे."

"नवा आणि मळका?"

"मी तेच विचारलं. तर म्हणाले, तुला यातलं काही कळत नाही."

"मलापण तेच म्हणाले," थोरली म्हणाली. "आता असं कर. तू तुझ्या नवऱ्याचं बघ, मी माझ्या नवऱ्याचं बघते. उद्या दोन वाजता बोलले पाहिजेत दोघं."

धाकटीने चहाचा कप सकाळच्या साडूंसमोर ठेवला तो जरा जोरातच. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी बशीतल्या दोन बिस्किटांची जागा एकदा बदलली, मग पुन्हा बदलली.

"दोनदा उलटवले..." ते म्हणाले. "अरे देवा."

"उद्या भाऊजींशी बोलायचं. स्पष्ट."

"बोलेन की. पण बोलू काय म्हणून? 'तू' म्हटलं तर तो भडकणार. 'तुम्ही' म्हटलं तर आठ महिने मी काय झक मारली?"

"मग 'अहो' म्हणा."

"'अहो' तू मला म्हणतेस! मी त्याला कसं म्हणणार?"

"बाबांचे गुडघे जातायत इकडे," धाकटी म्हणाली, "आणि तुमचं अडलंय कुठे तर सर्वनामापाशी." ती आत गेली. जाताना कप उचलून नेला. तो अर्धा भरलेला होता.

गुरुवारी मॅडमनी सकाळच्या साडूंना दोन वाजता जाऊ दिलं नाही. दुपारचे साडू आले. घरून त्यांचंही सगळं ऐकून झालं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मॅडमनी दोघांना टेबलापाशी बसवलं आणि वही मध्ये ठेवली.

"क. बद. बद. बिघ.," त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे काय आहे? मला सांगा, मी व्यवस्थापनाची पदवी घेतली आहे, यात मला काय समजायला हवं होतं?"

शेवटी सकाळचे साडू छताकडे बघत म्हणाले, "सोमवारी सकाळी अदलाबदल केली गेली होती."

"कोणाकडून?"

"इकडून."

दुपारचे साडू खिडकीकडे बघत होते. "मग दुपारी इकडूनही केली गेली. 'क.' म्हणजे 'करणे' असं समजलं गेलं होतं."

"'केली' होतं ते."

"मग निदान मात्रा तरी दिली जायला हवी होती. 'के.' असं."

"आणि 'बद.'चं काय? 'बदलला' हे कळवलं जायला नको होतं?"

"कोणाला कळवणार? काय म्हणून कळवणार?"

"तेच म्हणतोय मी!" सकाळचे साडू एकदम उसळून म्हणाले. "काय म्हणून?"

दोघं प्रथमच एकमेकांकडे बघत होते. मॅडमना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी घड्याळ दाखवलं. "सव्वादोन. तुमच्या सासऱ्यांचं तिकीट माझ्या यादीत आहे. पाचला मी त्या यादीवर काट मारायची की नाही, ते तुम्ही मला सांगायचं. 'सां.' असं लिहून चालणार नाही."

दोघं विमानात गेले. डबे बसवलेल्या मागच्या रॅकपाशी जेमतेम दीड माणूस मावेल एवढी जागा होती, त्यात दोन साडू शिरले. सकाळच्या साडूंनी खिशातून खडू काढला आणि उजव्या डब्यावर भली मोठी फुली मारली.

"आता काढला जावा."

"काढला गेलाय. दुसरा धरला जाईल का?"

"धरलाय. ढकलला जाऊ दे."

"बोट! बोट आहे आत!"

"मग बोट काढलं जावं!"

बोट काढलं गेलं. फुलीचा डबा डावीकडे, बिनफुलीचा उजवीकडे. वीज लागली. उजवीकडे शून्य. डावीकडे वीस फूट. दोष फुलीबरोबर आला होता. सोमवारी वीस मिनिटांत जे कळायचं, ते गुरुवारी अठरा मिनिटांत कळलं. डबाच वाईट होता. पहिल्यापासून तोच आणि एकटाच.

"मळका अँटेना चांगला आहे म्हणजे," सकाळचे साडू हळूच म्हणाले.

"दहा वर्षं विमानाखाली होता तो. मळणारच."

"आणि भंगारात टाकला गेला तो..."

"तो सोमवारीच खोक्यातून निघाला होता."

"तरीच चमकत होता," सकाळचे साडू म्हणाले. दुपारचे साडू हसले नाहीत, पण हसू आवरायला त्यांना रॅककडे तोंड करावं लागलं.

स्टोअरमध्ये एक नवा डबा होता. या वेळी दोघांनी मागची पट्टी वाचली, एकाने चष्मा लावून, दुसऱ्याने त्याचाच चष्मा मागून घेऊन. डबा बसला. चार वाजून चाळीस मिनिटांनी वीज लावली. दोन्हीकडे शून्य. दोघं त्या दोन शून्यांकडे असे बघत राहिले, जसं कोणी आपल्या पोरांचे पैकीच्या पैकी मार्क बघतं. मग खात्री म्हणून वीज बंद केली, पुन्हा लावली. शून्य, शून्य. विमान एकदाचं जमिनीवर आलं होतं.

उरली नोंद. ती पूर्ण क्रियापदासह हवी, अशी मॅडमची अट होती. दोघं पेन हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले. शेवटी सरकारी मराठी धावून आली. "सदोष डबा बदलण्यात आला. तपासणी करण्यात आली. दोन्ही यंत्रं योग्य असल्याचं आढळून आलं." कोणी केलं, कोणाला सांगितलं, कशाचाही पत्ता नाही. खाली दोघांच्या सह्या. कोणाची सही वर आणि कोणाची खाली यावरून आणखी एक वाद झाला असता, म्हणून मॅडमनी त्या शेजारी शेजारी करायला लावल्या.

शुक्रवारी विमान धुक्यात गेलं, धुक्यात उतरलं, आणि दोन वाजायला दहा मिनिटं असताना परत आलं. पाळी बदलायची वेळ, त्यामुळे दोन्ही साडू खाली हजर. कुंपणाच्या जाळीमागे दोन्ही बहिणी. दार उघडलं. कॅप्टनने वरून अंगठा दाखवला आणि ओरडून सांगितलं, "दोन्ही यंत्रं एका सुरात बोलली. जमीन जिथे होती तिथेच लागली."

मग प्रवासी उतरले, आणि सगळ्यात शेवटी दारात सासरे दिसले. खाली चाकांची खुर्ची आणून ठेवली होती. पण चाकांच्या खुर्चीला जिना उतरता येत नाही आणि सासऱ्यांनाही येत नव्हता. मधे सात पायऱ्या होत्या.

"कसा झाला प्रवास, बाबा?" सकाळच्या साडूंनी विचारलं.

"सुखरूप," सासरे म्हणाले. "आश्चर्य."

साडू वर गेले. ऑफिसातली एक साधी खुर्ची नेली, सासऱ्यांना तीत बसवलं. एकाने पाठ धरली, दुसऱ्याने पुढचे पाय. पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर खुर्ची पुढे कलली. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी हवा धरली.

"अरे, खाली नको करू तिकडून! बाबा घसरतायत!" सकाळचे साडू ओरडले.

"मी कुठे खाली करतोय? तूच वर धरलंयस! वाक ना जरा!"

"वाकलोय रे! तू पाय कुठे ठेवतोयस ते बघ!"

"बघतोय! तू आधी..."

आणि दोघं थांबले. चौथ्या पायरीवर. आपण काय ऐकलं आणि आपण काय बोललो, हे दोघांना एकदमच कळलं होतं. सकाळचे साडू लाल झाले. दुपारच्या साडूंचं तोंड उघडंच राहिलं. वाऱ्यावर कुंपणाची जाळी खडखडत होती. जाळीमागे थोरलीने धाकटीचा हात घट्ट धरला होता.

जमिनीपासून चार फुटांवर तारमास्तरांनी आधी मागच्या जावयाकडे पाहिलं, मग पुढच्याकडे.

"खाली ठेवा," ते म्हणाले.

दोघांना मिळून सांगायचं, तर त्याला दुसरं रूपच नव्हतं. दोघांनी खाली ठेवलं.